तेल्चचा चौक, स्लावोनित्सेचा रस्ता आणि दाचित्सेची साखर : पाच दिवस

दिवस पहिला, शुक्रवार

लेक चेक प्रजासत्ताकात ब्रनोला नोकरीला आहे. तिच्याकडे जायचं दोन वर्षं नुसतं ठरत होतं, यंदा गौरी-गणपती उरकले आणि आम्ही दोघं निघालोच. प्राग तिने आल्या आल्या दाखवलं. सुंदर आहे, प्रश्नच नाही, पण त्या पुलावर माणसाला माणूस लागलेला, धड उभं राहून बघता येईना. तेव्हा मी तिला म्हटलं, बाळा मला आता एखादं लहान गाव दाखव, बाजाराच्या जिवावर उभं राहिलेलं, जिथे संध्याकाळी माणसं आपापल्या घरी जातात असं. ती म्हणाली मग तेल्चच. ह्यांनी मोबाईलवर नकाशा मोठा करून बघितला आणि एकच अट घातली की तिथून दाचित्सेला जायचंच जायचं. का ते पुढे येईल.

ब्रनोहून ट्रेनने आधी यिहलावा, मग कोस्टेलेत्स, आणि कोस्टेलेत्सला गाडी बदलून तेल्च. यिहलावा मोठं शहर, १३व्या शतकात तिथे चांदी सापडली आणि बघता बघता खाणींचं गाव झालं. कोस्टेलेत्स म्हणजे जंक्शन आणि मांसाचा मोठा कारखाना, तिथले सॉसेज देशभर खपतात असं लेकीने सांगितलं. तिथून पुढे एकच डब्याची छोटी गाडी. सारखी थांबते, कुठे एक आजी उतरते, कुठे सायकल घेऊन एक पोरगा चढतो. घाट वगैरे काही नाही, जमीन नुसती लाटांसारखी वरखाली होत राहते, बटाट्याची शेतं, मग सुचीपर्णी झाडांचं रान, मग एखादं तळं, परत शेतं. ह्या भागाचं नावच विसोचिना, म्हणजे उंचावरचा मुलूख. तेल्च सुमारे ५२० मीटरवर, म्हणजे आकड्यात बघितलं तर जवळपास आमच्या सांगलीएवढंच, पण सप्टेंबरात संध्याकाळी स्वेटर घालावाच लागला.

स्टेशनवर उतरल्यावर वाटतं हे काय, साधंच गाव आहे. साध्या घरांमधून दहा-पंधरा मिनिटं चालायचं, मग एका बाजूला पाणी दिसतं, मग एक जुना दरवाजा, आणि दरवाज्यातून आत गेलं की एकदम चौक. मी खरंच थांबले. बॅगेची चाकं दगडी फरशीवर खडखडत होती ती पण थांबली. दोन्ही बाजूंना घरांची ओळ, एकाला एक चिकटून, प्रत्येकाचा रंग वेगळा, पिस्ता, फिकट गुलाबी, लोणी, आकाशी, प्रत्येकाच्या माथ्यावर वेगळ्या आकाराचा कळसासारखा कठडा, आणि खाली मात्र सगळ्यांना एकच सलग कमानींची पडवी. चौक म्हटलं तरी चौकोनी नाही, लांबट आहे आणि पुढे वाड्याकडे निमुळता होत जातो.

आमचं पेन्झिओन चौकातच एका जुन्या घरात होतं. पेन्झिओन म्हणजे घरगुती लॉज. समोरून घर अरुंद, तीन खिडक्यांचं, पण आत लांबच लांब. आधी मोठं कमानदार दालन, त्याला मासहाउस म्हणतात, पूर्वी तिथेच माल लावायचे, बिअर विकायची, गिऱ्हाईक बसायचं. मग जिना, मग मागे अंगण. आपल्याकडे पेठेतल्या वाड्यात पुढे दुकान, मध्ये चौक आणि मागे परसू असतं ना, अगदी तोच हिशोब. रस्त्याकडची जागा महाग आणि सगळ्यांनाच बाजारात तोंड हवं, म्हणून तोंड अरुंद आणि पोट लांब.

रात्री बटाटा-मशरूमचं सूप आणि ब्राम्बोराक खाल्लं. ब्राम्बोराक म्हणजे किसलेल्या बटाट्यात अंडं, पीठ, भरपूर लसूण आणि मार्जोरम घालून तव्यावर थापलेलं, कडा कुरकुरीत. ह्यांनी दोन खाल्ली.

दिवस दुसरा, शनिवार

आज दिवसभर फक्त तेल्च. सगळ्यात आधी हे गाव इथेच का, ते सांगते, कारण मला हेच सगळ्यात आवडलं.

चेक भाषेत गावांची उतरंड असते. साधं खेडं, त्याच्या वर मेस्तिस, त्याच्या वर शहर. मेस्तिस म्हणजे ज्याला बाजार भरवायचा हक्क मिळालाय असं गाव, आपल्या जुन्या भाषेत कसबा. हा हक्क असाच मिळायचा नाही, राजाने किंवा सरदाराने द्यायचा. पुढे कम्युनिस्ट काळात १९५४ च्या सुमारास हा दर्जा बाजूला पडला आणि २००६ मध्ये परत आणला, आता कितीतरी छोटी गावं अभिमानाने नावापुढे मेस्तिस लिहितात. तेल्चला त्याच्याही वरचा शहराचा दर्जा आहे, पण वस्ती जेमतेम पाच हजाराच्या वर आणि जीव सगळा बाजारचौकात, त्यामुळे माझ्या लेखी तो कसबाच.

तर बोहेमिया आणि मोराविया, म्हणजे चेक देशाचे पश्चिम आणि पूर्व भाग, आणि ऑस्ट्रिया ह्या तिघांमधले व्यापारी रस्ते इथे एकमेकांना भेटत होते. आणि जागा होती दलदलीची. तेल्चचा ओढा इथून जातो, पुढे मोरावस्का दिये नदी, तिचं पाणी दियेत, दियेचं मोरावा नदीत आणि शेवटी डॅन्यूबमधून काळ्या समुद्रात. गावाच्या पश्चिमेला यावोर्झित्से नावाचा डोंगर आहे, ८३७ मीटर, ह्या सगळ्या मुलखातला सगळ्यात उंच. युरोपची मोठी पाणलोट-रेषा तिथूनच जाते, डोंगराच्या पलीकडे पडलेला पाऊस एल्ब नदीमधून उत्तर समुद्राला जातो आणि अलीकडचा आमच्या खिडकीखालून काळ्या समुद्राला. कृष्णा महाबळेश्वरला उगवते आणि समुद्र इतका जवळ असून बंगालच्या उपसागराला जाते, हे लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला अशा गोष्टीचं वेगळंच वाटतं.

सांगायची गोष्ट अशी की दलदल असली म्हणजे शहाणा माणूस तिथे गाव वसवत नाही, पण इथल्या लोकांनी बांध घालून तिचीच तळी केली. श्तेप्नित्स्की, उलित्स्की आणि स्तारोम्येस्त्स्की अशी तीन. जुन्या गावाभोवती ह्या तळ्यांचा वेढा आहे, त्यामुळे तटबंदीला बाहेरून पाण्याचा खंदक फुकट मिळाला, शिवाय मासे. दंतकथा म्हणते की १०९९ साली मोरावियाच्या राजकुमाराने लढाई जिंकली आणि आठवण म्हणून इथे देऊळ बांधलं, तिथून गाव सुरू झालं. ती दंतकथाच. पक्कं आहे ते हे की १३३९ मध्ये लक्झेंबर्गच्या योहान राजाने तेल्च ह्राडेत्स घराण्याच्या ओल्द्रझिखला दिलं, बदल्यात सरहद्दीवरचा एक किल्ला घेतला, आणि मग त्याच घराण्यातल्या मेनहार्टने १४व्या शतकात नवीन गाव आखलं, म्हणजे किल्ला, तट, चर्च आणि मध्ये हा लांब चौक.

ती आखणी आजही तशीच आहे. घरं तेवढी बदलली. १३८६ ला एकदा गाव जळलं होतं, १५३० ला परत जळलं. लाकडी घरं, एकाला एक लागलेली, दुसरं काय होणार. आणि इथून पुढे एका माणसाचं नाव सारखं येतं, झखारियाश. ह्राडेत्स घराण्यातला. तरुणपणी १५५१ ला इटलीत जेनोआपर्यंत जाऊन आला, तिथली बांधकामं बघून डोक्यात वेडच शिरलं. बायको कातेर्झिना वाल्डश्टाइन घराण्यातली, तिच्याकडून पैसा आला, आणि पुढे हा मोरावियाचा गव्हर्नर पण झाला. त्याने इटालियन कारागीर आणले आणि जुन्या किल्ल्याचा वाडा केला. गावातल्या लोकांनी पण आगीनंतर दगड-विटांची घरं बांधताना खाली पडवी, वर नक्षीदार कठडा असा एकच नेम धरला. चौकाला आज झखारियाशचंच नाव आहे.

वाडा सकाळीच बघितला, गाईड चेकमध्ये बोलत होती आणि आम्हाला इंग्लिशचा छापील कागद दिला. सोनेरी दालनाचं छत बघताना मान दुखली तरी खाली करवेना, लाकडाच्या अष्टकोनी चौकटी, प्रत्येकीत वेगळं कोरीव काम आणि त्याला सोन्याचा मुलामा. दुसऱ्या एका दालनाच्या छतावर हर्क्युलिसचे पराक्रम रंगवलेत. पण मला स्वतःला खजिन्याची छोटी खोली लक्षात राहिली. तिच्या भिंती स्ग्राफितोने भरलेल्यात, १५५३ च्या.

हे स्ग्राफितो काय ते चौकातल्या १५ नंबरच्या घरावर जवळून नीट बघितलं. आधी भिंतीला गडद गिलावा, त्यात कोळसा किंवा राख मिसळलेली. तो आवळला की वरून चुन्याचा पांढरा पातळ हात. आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, की खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे रंग लावायचा नाही, काढायचा. हातात वेळ थोडाच असतो, चुना सुकला की संपलं, चूक झाली तर तेवढा सगळा तुकडा पाडून परत गिलावा. त्या घराच्या कोपऱ्यावर गोल बुरुजासारखी खिडकी आहे आणि भिंतीवर बायबलमधले प्रसंग. मी अगदी हाताच्या अंतरावर उभी होते, ओरखड्याची एक कड दिसत होती जिथे कारागिराचा हात किंचित घसरलाय, रेघ दोनदा आलीय. साडेचारशे वर्षं झाली. त्या रेघेवर ऊन पडलं होतं, मी तिथून हललेच नाही बराच वेळ, लेक दोनदा बोलवायला आली.

६१ नंबरचं घर पण बघा, ते एका बेकरचं होतं, मिखाल नावाच्या, तोच पुढे गावाचा नगराध्यक्ष झाला. वाडा सरदाराचा ठीक आहे, पण पाव विकून माणूस असं घर बांधतो, ह्यावरून बाजार किती चालत असेल ते समजून घ्यायचं.

झखारियाश आणि कातेर्झिना दोघांची समाधी वाड्याशेजारच्या छोट्या चॅपेलमध्ये आहे, १५८० चं, भोवती लोखंडी जाळी इतकी नाजूक की लोखंड वाटत नाही. त्यांच्या मागे घराण्याचा वंश फार टिकला नाही. १६०४ ला शेवटचा पुरुष गेला आणि मालमत्ता त्याच्या बहिणीकडून तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे विलेम स्लावाताकडे आली. हा स्लावाता म्हणजे तोच, ज्याला २३ मे १६१८ ला प्राग किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं आणि तिथून तीस वर्षांचं युद्ध पेटलं! तो वाचला. मागच्याच आठवड्यात आम्ही ती खिडकी बघून आलो होतो आणि इथे त्याचं घर, दोन्ही जुळल्यावर अंगावर काटा आला. त्या युद्धाच्या शेवटी शेवटी, १६४५ ला, स्वीडिश फौज तेल्चमध्ये पण येऊन गेली. मग स्लावाता घराण्यातल्या फ्रांतिश्काने १६५१ मध्ये जेझुइट पाद्री बोलावले, त्यांनी कॉलेज आणि चर्च बांधलं. त्या कॉलेजात आता ब्रनोच्या मासारिक युनिव्हर्सिटीचं सेंटर चालतं. आणि गावात एक संशोधन केंद्र आहे तिथे मोठा वाऱ्याचा बोगदा आहे, वारा-पाऊस-ऊन जुन्या इमारतींवर काय परिणाम करतं ते त्यात तपासतात. इतक्या जुन्या गावात हे काम चालतं, ह्यांना तर हे फारच पटलं.

१९९२ मध्ये तेल्चचा जुना भाग युनेस्कोच्या यादीत गेला, प्राग आणि चेस्की क्रुमलोवबरोबर एकाच वर्षी.

पाचच्या सुमाराला बसेस गेल्या आणि चौक एकदम रिकामा झाला. माझी कळकळीची विनंती आहे, इथे याल तर दोन तासांची ट्रिप करू नका, एक रात्र तरी रहा. पडव्यांमध्ये दिवे लागतात, कोणीतरी खुर्च्या आत घेतं, चर्चची घंटा होते आणि तिच्यानंतर कारंज्याचं पाणी ऐकू येतं.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी चर्चच्या मनोऱ्यावर चढलो. दोन मनोरे आहेत, सेंट जेम्सचा उंच, आणि वरच्या दरवाज्याकडचा पवित्र आत्म्याचा, ४९ मीटरचा, हा सगळ्यात जुना. वरून कालची सगळी गोष्ट एका नजरेत कळते, मध्ये माशाच्या आकाराचा चौक, त्याभोवती लाल कौलं, घरांमागच्या परसबागा आणि त्यांना टेकलेलं पाणी.

मग तळ्याच्या काठाने चक्कर. बांधावर जुनी झाडं, बाकं, गळ टाकून बसलेले म्हातारे. ह्या मुलखात तळ्यात कार्प मासा वाढवतात आणि हेमंतात तळं रिकामं करून पकडतात, ख्रिसमसच्या रात्री चेक घरात कार्प हवाच. हवा पडलेली होती, समोरची घरं, मनोरे, ढग सगळं पाण्यात उलटं.

गावाच्या बाहेर ज्यूंची स्मशानभूमी आहे तिकडे आम्ही मुद्दाम गेलो. तेल्चमध्ये ज्यू व्यापारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या होती, बाजारगाव म्हटलं की ती असायचीच. १९४२ च्या मे महिन्यात नाझींनी त्यांना त्रेबीचमार्गे तेरेझिनच्या छावणीत नेलं आणि तिथून पुढे छळछावण्यांमध्ये. चौकात इतकं सगळं जपलंय, दगड न दगड जपलाय, आणि माणसं मात्र परत आली नाहीत. थडग्यांवर लोक फुलं ठेवत नाहीत, छोटे खडे ठेवतात. लेकीने एक ठेवला.

दुपारच्या गाडीने ती ब्रनोला गेली, सोमवारी ऑफिस. जाताना आम्हाला बसच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिल्या आणि चेक शब्द देवनागरीत. दोब्री देन, द्येकुयी, प्रोसिम.

दिवस चौथा, सोमवार

स्लावोनित्से. तेल्चच्या दक्षिणेला, अगदी ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर. आम्ही बसने गेलो. तेल्चपर्यंत रेल्वे १८९८ ला आली, स्लावोनित्सेपर्यंत १९०२ ला, म्हणजे तशी उशिराच. तोवर कारखानदारी दुसरीकडे जाऊन बसली होती. मला वाटतं ही गावं वाचली ती त्यामुळेच.

स्लावोनित्सेचं तर फारच स्पष्ट आहे. प्राग ते व्हिएन्ना जुना रस्ता इथून जायचा, टपालाच्या घोडागाड्या इथे थांबायच्या, १६व्या शतकात गावात इतका पैसा होता की घरोघरी स्ग्राफितो. मग १८व्या शतकात टपालाचा रस्ता झ्नोइमोकडून वळवला आणि गावाचा कणाच गेला. नवीन बांधायला पैसे नाहीत म्हणून जुनं तसंच राहिलं. आपल्याकडे पण बायपास झाला की आतल्या स्टँडवरची हॉटेलं बंद पडतात ते बघतोच आपण, तेच, फक्त तीनशे वर्षांपूर्वी.

आतल्या दालनांची छतं बघण्यासारखी आहेत. कमानीच्या पोटाला हिऱ्यासारखे पैलू पाडलेत, विटा अशा कोनात बसवल्यात की कडा तेवढ्या बाहेर येतात आणि मध्ये खोलगट त्रिकोण राहतात. वरून नुसता पांढरा चुना. उजेड हलला की छत हलल्यासारखं वाटतं. एका घरात प्रोटेस्टंट लोकांची प्रार्थनेची खोली पण आहे, तिच्या भिंतीवर बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली चित्रं.

गाव शांत आहे, पण तेल्चसारखं नाही, इथल्या शांततेत काहीतरी गेलेलं आहे. १९४५ पर्यंत इथे बहुतेक लोक जर्मन बोलणारे होते आणि गावाचं नाव त्झ्लाबिंग्स. युद्ध संपल्यावर त्यांना घालवलं, घरं रिकामी झाली, नवीन लोक आणून वसवले. मग पोलादी पडदा. सरहद्द बंद, काटेरी तारा, पहारे, ऑस्ट्रियात जाणारी रेल्वे तोडली गेली. रस्त्याच्या जिवावर जगलेलं गाव आणि पुढे रस्ताच नाही, चाळीस वर्षं. १९८९ नंतर सरहद्द उघडली, २००७ च्या डिसेंबरपासून तपासणी पण उरली नाही. आम्ही गावाबाहेरच्या रस्त्याने चालत गेलो, हे म्हणाले चल ऑस्ट्रिया बघून येऊ, आणि खरंच पोचलो. एक पाटी, एका बाजूला कापलेलं शेत, दुसऱ्या बाजूला पण कापलेलं शेत. कोणी थांबवलं नाही. ह्यांनी पलीकडे दहा पावलं जाऊन परत येऊन दाखवलं.

परतताना बेकरीत खसखशीचा गोड रोल घेतला. आपली खसखस पांढरी, इथली निळसर काळी, वाटून दुधात शिजवून भरपूर सारण भरतात. दिवाळीला अनारशांवर चिमूटभर खसखस टाकणाऱ्या बाईला एवढा मुठीएवढा गोळा बघून नवल वाटलं, आणि चवीला फार छान.

दिवस पाचवा, मंगळवार

आता दाचित्से.

हे साखर कारखान्यात ३१ वर्षं केमिस्ट होते. मोळी पूजन आणि बॉयलर अग्निप्रदीपन झालं की घरी आमचं कॅलेंडरच बदलायचं, गळीत हंगामात हे शिफ्टला, पोरं शाळेला, अंगाला कायम मळीचा वास. लग्न झालं तेव्हा मला तो वास नको व्हायचा आणि रिटायर झाल्यावर पहिल्या हंगामात तो नाही म्हणून चुकल्यासारखं झालं. तर साखरेचा चौकोनी खडा, शुगर क्यूब, हा ह्या दाचित्सेत जन्मला. १८४३ साली.

गाव तेल्चच्या दक्षिणेला मोरावस्का दियेच्या काठावर, स्लावोनित्सेच्या वाटेवरच. त्या काळात साखर म्हणजे पांढरा कठीण सुळका असायचा, मोठाच्या मोठा, आणि घरात तो चिमट्याने किंवा हातोडीने फोडायचा. १८२९ मध्ये जवळच्या कोस्तेल्नी विद्र्झी गावात बीटापासून साखर करायला सुरुवात झाली, पुढे तो उद्योग दाचित्सेला आला. १८४० मध्ये याकुब क्रिश्तोफ राड हा मूळचा स्वित्झर्लंडचा माणूस तिथे मॅनेजर झाला. गोष्ट अशी सांगतात की सुळका फोडताना त्याच्या बायकोचं, युलियानाचं, बोट कापलं, आणि ती म्हणाली की साखर आधीच छोट्या तुकड्यांत का करत नाही तुम्ही. त्याने मनावर घेतलं. काही महिन्यांनी तिला एक डबा आणून दिला, त्यात ३५० खडे, पांढरे आणि लाल. लाल कशासाठी, तर त्या कापल्या बोटाची आठवण. २३ जानेवारी १८४३ ला त्याला पेटंट मिळालं.

गावात त्या खड्याचं स्मारक आहे. ग्रॅनाइटवर एक पांढरा शुभ्र चकचकीत चौकोन, बास. ना पुतळा ना घोडा. ह्यांनी चपला काढल्या. मी काही बोलले नाही.

पण खरी मजा म्युझियममध्ये. खडे करायचं यंत्र, म्हणजे साचा आणि दाब द्यायचा स्क्रू. साखर किसायची, किंचित ओली करायची, साच्यात भरायची, दाबायची आणि सुकवायची. इतकंच. ओल जास्त झाली तर खडा चिकटतो, कमी झाली तर ढासळतो, सगळा खेळ त्या ओलीचा, हे म्हणाले, आणि अर्धा तास तिथून हलेनात. मग मला उसाचं आणि बीटाचं समजावून दिलं, इतक्या वर्षांत मला हे नीट माहीत नव्हतं. उसाला मिलमध्ये पिळतात, बगॅस उरतो आणि तोच बॉयलरला जाळायचा. बीटाचे बारीक काप करून गरम पाण्यात ठेवतात, साखर आपसूक पाण्यात उतरते, उरलेला चोथा जनावरांना. हे डिफ्यूजनचं तंत्र पण मोरावियातलंच, युलियस रोबेर्ट नावाच्या माणसाने १८६४ मध्ये झिड्लोखोवित्सेच्या कारखान्यात बसवलं, ब्रनोच्या जवळ आहे ते. हे नाव त्यांनी कॉलेजात पाठ केलेलं, आता आयुष्यात पहिल्यांदा त्या मुलखात उभे होते. साखर मात्र दोन्हीकडची अगदी एकच, रेणू एकच, चव एकच, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

म्युझियममध्ये एक बाई होत्या, साठीच्या. त्यांना इंग्लिश येत नव्हतं, ह्यांना चेक येत नव्हतं. ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, इंडिया, शुगर, थर्टी वन इयर्स. बाईंना कळलं. त्या म्हणाल्या, मेलासा? हे म्हणाले, मोलॅसिस, येस येस! म्हणजे मळी. त्या म्हणाल्या, काम्पान्य, आणि बोटांवर सप्टेंबर, ऑक्टोबर करत जानेवारीपर्यंत मोजून दाखवलं. म्हणजे गळीत हंगाम. ह्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च मोजून दाखवला. त्यांनी काचेकडे बोट केलं, ह्यांनी तळहातावर तळहात दाबून स्क्रू फिरवल्यासारखं केलं, मग त्यांनी मान हलवून दाब कमी असल्याची खूण केली, मग हे परत.

बाहेर उन्हं कलली होती, चर्चच्या मनोऱ्यावर तेवढीच शिल्लक होती. बसची वेळ लेकीने कागदावर लिहिली होती. मी तो कागद दोनदा ह्यांच्यासमोर धरला. हे म्हणाले, थांब गं, त्यांना सल्फिटेशनचं विचारायचंय.